टॅपेट कव्हरचा रंग पुन्हा पुन्हा सुटतो? नवा डबा आणण्याआधी पापुद्रा बघा

तक्रार साधारण अशी असते. प्रोजेक्ट गाडी शोमध्ये उभी करायची म्हणून इंजिन बे घासूनपुसून घेतला, टॅपेट कव्हरला (इंजिनाच्या माथ्यावरच्या झाकणाला) झकास लाल रंग मारला, फायरवॉल (इंजिन आणि केबिनमधली पत्र्याची भिंत) चकाचक केली. गाडी चार वेळा नीट तापली आणि कव्हरच्या कडेला रंग फुगला. खरवडून पुन्हा मारला, या वेळी जास्त तापमान सोसणारा महाग डबा आणला. पुन्हा तीच कड, तोच फुगवटा.

यावर सल्ला मिळतो तो बहुधा तिसऱ्या डब्याचा. पण टॅपेट कव्हर हा इंजिनातला फार तापणारा भाग नव्हे. कूलंट ९० अंशांच्या आसपास असतं, तेल त्याहून थोडं वर. म्हणजे कव्हर साधारण १०० ते १२० अंश सेल्सिअसच्या घरात राहतं, आणि साधं इंजिन एनॅमलसुद्धा २६० अंशांपर्यंत तग धरतं. त्यामुळे 'रंग जळला' हे निदान कव्हरच्या बाबतीत क्वचितच खरं ठरतं. रंगाखाली काहीतरी राहिलेलं असतं किंवा रंगावर काहीतरी पडत असतं. ते शोधल्याशिवाय कितीही भारी रंग आणला तरी पैसे वायाच जायचे.

पापुद्र्याची मागची बाजू

सुटलेला पापुद्रा फेकून देऊ नका. नखाने उचला, उलटा करा आणि उजेडात धरा. निम्मं निदान तिथेच होतं.

मागची बाजू स्वच्छ, कोरडी आणि खालचा धातू चकचकीत असेल, तर रंगाला पकडच मिळालेली नाही. धातू गुळगुळीत राहिला, प्रायमर मारला नाही किंवा बोटांचा चिकटपणा पुसलाच गेला नाही.

प्रायमर धातूला घट्ट आहे आणि फक्त वरचा रंग सोलला जातोय, तर दोन थरांचं आपसात जमलेलं नाही. बहुतेक वेळा हा वेळेचा घोळ असतो, त्याबद्दल पुढे लिहिलं आहे.

मागे तपकिरी, तेलकट डाग असेल तर तेल आलंय. इथे पुढचा प्रश्न महत्त्वाचा: डाग फक्त कडेला आहे की कव्हरच्या मधोमधही? कडेला असेल तर पॅकिंगमधून पाझर आहे. मधोमध, बोल्टपासून लांब, सपाट जागी असेल तर तेल धातूच्या आतून आलेलं आहे.

रंग कडक पापुद्र्यासारखा सुटण्याऐवजी मऊ, सुरकुतलेला, च्युइंगमसारखा लोंबत असेल तर त्यावर द्रव पडला आहे: ब्रेक ऑइल, पेट्रोल किंवा कडक क्लीनर.

आणि रंग मारतानाच माशाच्या डोळ्यासारखी गोल छिद्रं पडली असतील, तर तो सिलिकॉनचा प्रताप. होज पाइप आणि प्लॅस्टिकवर चमक आणणारे जे स्प्रे मारतात, त्यात बहुधा सिलिकॉन असतं. त्याचा तुषार हवेतून सगळीकडे बसतो. रंगकाम चालू असलेल्या खोलीत ते स्प्रे उघडूच नयेत.

पाझर: पॅकिंगच्या आधी क्रँककेसचा दाब

कडेला तेल दिसलं की लोक पॅकिंग बदलतात. पॅकिंग बदलायला हवंच, पण जुनं पॅकिंग का हरलं हे बघायला हवं. इंजिनाच्या पोटात, म्हणजे क्रँककेसमध्ये, दाब साचत असेल तर नवं पॅकिंगही लवकरच ओलं होतं.

तपासणी सोपी आहे. साध्या पेट्रोल इंजिनावर, गाडी आयडलला चालू ठेवून तेल भरायचं झाकण काढा आणि तोंडावर पातळ कागद ठेवा. कागद हलकासा आत ओढला गेला तर पीसीव्ही व्हॉल्व्ह (क्रँककेसमधला वायू इनटेककडे खेचून नेणारी झडप) काम करतोय. कागद उडत असेल, आतून फुसफुस येत असेल, तर एक तर तो व्हॉल्व्ह किंवा त्याचा पाइप चिकटाने बंद झालाय, नाहीतर पिस्टन रिंगा झिजून वायू खाली उतरतोय. व्हॉल्व्ह काढून हलवून बघा. बऱ्याच प्रकारांत आतली गोळी खुळखुळते. आवाज आला नाही तर बदला, तो फार महागडा भाग नाही. (१९६०च्या दशकाआधीच्या बऱ्याच इंजिनांत ही व्यवस्थाच नसते, नुसती खाली सोडलेली नळी असते. तिथे ती नळी मोकळी आहे का एवढंच बघा.)

आता सजावटीच्या कामातला खास गुन्हेगार. पीसीव्हीचा 'कुरूप' पाइप काढून टाकायचा आणि कव्हरवर छोटासा क्रोमचा ब्रीदर फिल्टर बसवायचा, ही फॅशन फार जुनी आहे. दिसायला सुटसुटीत वाटतं. पण त्या फिल्टरमधून तेलाची वाफ बाहेर पडते आणि थेट तुमच्या नव्या रंगावर बसते. त्यावर धूळ चिकटते, मग ती काढायला कडक डिग्रीझर येतो, आणि डिग्रीझर रंगाची वाट लावतो. ब्रीदरभोवती वर्तुळात चिकट थर दिसत असेल तर पॅकिंगला दोष देऊ नका. पाइप परत जोडा. तो डोळ्यांत खुपत असेल तर कव्हरच्या मागून वळवून न्या, किंवा मध्ये कॅच कॅन (वाफेतलं तेल अडवणारा छोटा डबा) घालून त्याचं दुसरं तोंड इनटेककडे द्या. बहुतेक ठिकाणी धुराच्या नियमांनाही हेच धरून आहे.

दाब ठीक असूनही पाझर आहे? मग जागा नक्की करा. इंजिन धुऊन कोरडं करा, संशयित जोडावर पायाची पावडर किंवा टाल्कम भुरभुरवा आणि गाडी चालवून आणा. तेल जिथून निघतं तिथे पावडर आधी ओली होते. तेलात घालायचा अल्ट्राव्हायोलेट डाय आणि निळा दिवाही हेच काम अधिक नेटकेपणाने करतो.

पॅकिंग बसवताना तीन गोष्टी बघा. कव्हरची बैठक (पॅकिंग टेकतं ती कड) काचेवर टेकवली तर डुलते का? डुलत असेल तर जास्त आवळल्याने ती वाकलेली आहे. बोल्ट मनगटाच्या जोरावर आवळू नका. बऱ्याच गाड्यांत आकडा ८ ते १० न्यूटन-मीटरच्या आसपास, म्हणजे अगदी कमी असतो. आपल्या इंजिनाच्या मॅन्युअलमधलाच आकडा घ्या आणि मधून बाहेर असं टप्प्याटप्प्याने आवळा. शेवटची गोष्ट सजावटवाल्यांसाठी: पॅकिंगच्या बैठकीवर रंग अजिबात नको. बैठकीवर रंग असेल तर तो तेलाने मऊ होतो, पॅकिंगखालून सरकतो आणि पाझर रंगामुळेच सुरू होतो. मास्किंग टेप लावायला आळस करू नये अशी ही जागा.

तेल धातूच्या आत

हा प्रकार सगळ्यात चकवणारा. ओतीव अॅल्युमिनिअम वरून भरीव दिसतं, पण त्यात सूक्ष्म छिद्रं असतात. वीस-तीस वर्षं आतून गरम तेल उडत राहिलं की ते या छिद्रांत मुरतं. वरून कितीही पुसा, सँडब्लास्ट करा, कव्हर स्वच्छच दिसतं. रंग मारून इंजिन तापलं की मुरलेलं तेल आणि हवा फुगून बाहेर यायला बघतात, आणि मधोमध पुटकुळ्या येतात. पावडर कोटिंगमध्ये (रंगाची कोरडी पावडर भट्टीत वितळवून बसवतात त्यात) तर हे भट्टीतच होतं, कारण पावडर साधारण २०० अंशांना भाजली जाते.

उपाय म्हणजे रंगाच्या आधी तेल घामासारखं बाहेर काढणं. कव्हरमधले रबर, प्लॅस्टिक, आतली पत्र्याची तबकडी निघत असेल तर तीही काढा. डिग्रीझरने धुवा, पाण्याने खळखळून घ्या, पूर्ण वाळवा. मग भट्टीत २०० अंशांच्या थोडं वर, तासभर. बाहेर काढल्यावर तपकिरी डाग उमटलेले दिसतील. पुन्हा धुवा, पुन्हा भाजा. डाग उमटणं थांबेपर्यंत हेच. पावडर कोटिंगवाल्याकडे देणार असाल तर 'आधी रिकामं भाजून घ्या' हे स्पष्ट सांगा. चांगला कारागीर ते न सांगताही करतो, पण सांगण्यात काही जात नाही.

इथे दोन इशारे. स्वयंपाकाच्या ओव्हनमध्ये हे करू नका, त्यात नंतर अन्न शिजवणं धोक्याचं आहे. आणि थिनर किंवा सॉल्व्हंट ओलं असताना भाग भट्टीत घालू नका, आग लागते. क्लोरीनयुक्त ब्रेक क्लीनरने पुसलेला भाग वेल्डिंगच्या किंवा ज्योतीच्या जवळही नको. त्यातून फॉस्जीन हा विषारी वायू तयार होतो.

साफसफाईचं रसायनही जपून निवडा. कॉस्टिक सोडा असलेला ओव्हन क्लीनर तेल झटकन काढतो, पण तो अॅल्युमिनिअमही खातो: फेस येतो, हायड्रोजन सुटतो आणि कव्हर काळपट पडतं. अॅल्युमिनिअमला चालतो असं डब्यावर लिहिलेला डिग्रीझरच घ्या. काही गाड्यांची कव्हरं मॅग्नेशिअमची असतात, ती आम्लानेही खराब होतात. वजनाला संशयास्पद हलकी वाटली तर आधी चौकशी करा.

पकड: पाण्याची परीक्षा आणि घड्याळ

उघड्या अॅल्युमिनिअमवर हवा लागताक्षणी ऑक्साइडचा पातळ थर येतो, म्हणून त्याला साधा लोखंडाचा प्रायमर नीट धरत नाही. १८० ते ३२० नंबरच्या पेपरने एकसारखी खरखर करा, किंवा बारीक ब्लास्टिंग. मग पाण्याची परीक्षा घ्या: कव्हरवर स्वच्छ पाणी सोडा. पाणी अखंड चादरीसारखं पसरलं तर पृष्ठभाग स्वच्छ आहे. थेंब थेंब होऊन फुटलं, तर तिथे अजून चिकटपणा आहे, रंगाला हात लावू नका. ही परीक्षा पास झाल्यावर उघड्या बोटांनी भाग उचलू नका. वाळला की लगेच, त्याच दिवशी, एच (etch, म्हणजे धातूला किंचित कोरून धरणारा) प्रायमर किंवा इपॉक्सी प्रायमर.

आता वेळेचा घोळ. बऱ्याच एनॅमल डब्यांवर लिहिलेलं असतं की पुढचा हात एका तासाच्या आत मारा, नाहीतर सात दिवस थांबा. लोक सकाळी पहिला हात मारतात, जेवून येतात आणि दुपारी दुसरा. त्या वेळी खालचा थर वरून वाळलेला पण आतून कच्चा असतो. नव्या थरातला थिनर आत शिरतो, खालचा थर सुरकुततो किंवा पुढे थर सुटे होतात. डब्यामागची बारीक अक्षरं वाचायचा कंटाळा येतो खरा, पण दोन थर सोलले जाण्याची तक्रार बहुतेक वेळा त्या दोन ओळींवरच येऊन थांबते.

एकदम जाड हात मारण्यापेक्षा तीन पातळ हात बरे. याला अपवाद क्रिंकल, म्हणजे मुद्दाम सुरकुत्या आणणाऱ्या, रंगाचा: तो मुद्दाम भरघोस, आडवा, उभा आणि तिरपा मारावा लागतो, आणि सुरकुत्या सारख्या याव्यात म्हणून उष्णता द्यावी लागते. क्रिंकल कुठे बारीक तर कुठे जाड आला असेल तर थर असमान आहे, रंगाचा डबा खराब नाही.

रंग हाताला वाळला म्हणजे पक्का झाला असं नाही. इंजिन एनॅमल साधारण ९० अंशांना वीसेक मिनिटं भाजलं की त्याचा तेला-पेट्रोलपुढचा टिकाव खूप वाढतो. भट्टी नसेल तर निदान आठवडाभर भाग बाजूला ठेवा, मग बसवा. शोच्या आदल्या रात्री रंगवलेलं कव्हर फोटोपुरतंच असतं.

मॅनिफोल्डची गोष्ट वेगळी

इथे मात्र उष्णता खरोखर दोषी असते. एक्झॉस्ट मॅनिफोल्ड (इंजिनातला धूर गोळा करून बाहेर नेणारा भाग) भार पडला की ५०० अंशांच्या पुढे सहज जातं, टर्बो असेल तर त्याहून बरंच वर. इंजिन एनॅमल इथे पहिल्याच फेरीत पांढरं पडून झडतं. त्याच्याखालचा साधा प्रायमरही जळतो, म्हणून उच्च तापमानाच्या रंगाखाली त्याच पद्धतीचा प्रायमर किंवा थेट ब्लास्ट केलेला धातू हवा.

उच्च तापमानाचा सिलिकॉन-सिरॅमिक रंगसुद्धा नीट भाजला नाही तर नखाने निघतो. एका प्रचलित पद्धतीत आधी १२० अंशांना अर्धा तास, मग थंड, मग २०० अंशांना अर्धा तास, पुन्हा थंड, शेवटी ३१५ अंशांना अर्धा तास अशी चढती भाजणी असते. इंजिनावरच करायचं तर आधी थोडा वेळ आयडल, मग पूर्ण थंड, मग थोडा जास्त वेळ, असं. रंगवून लगेच घाटात गाडी पिटाळली तर आतला सॉल्व्हंट उकळून फोड येणारच. कायमचा तोडगा हवा असेल तर सिरॅमिक कोटिंग करून घ्या, माझा कल तिकडेच आहे.

जाता जाता: तुमची गाडी मूळ अवस्था जपण्याच्या गटात उतरणार असेल तर मॅनिफोल्ड चमकवूच नका. १९६०च्या दशकातल्या शेव्हरोले इंजिनांवर कारखान्यात नारिंगी रंगाचा फवारा मॅनिफोल्डवरही उडायचा आणि गाडी चालली की तो जळून जायचा. तिथले जाणकार परीक्षक चंदेरी मॅनिफोल्ड बघून खूश होत नाहीत. सजावटीच्या गटात याच्या उलट.

ब्रेकच्या मास्टर सिलिंडरखाली रंग सुटतोय? सजावट थांबवा

डॉट ३, डॉट ४ आणि डॉट ५.१ ही ब्रेक ऑइलं ग्लायकॉल ईथरवर आधारलेली असतात आणि रंग चक्क सोलून काढतात. भरताना सांडलं असेल तर लगेच भरपूर पाणी ओता, ते पाण्यात विरघळतं. फडक्याने पुसत बसलात तर उलट पसरतं. पण काही सांडलेलं नसताना ब्रेक बूस्टरच्या (पेडलचा जोर वाढवणाऱ्या गोल डब्याच्या) पुढच्या तोंडावर, मास्टर सिलिंडरच्या अगदी खाली रंग लोंबत असेल, तर सिलिंडरचं मागचं सील गळतंय. हा रंगाचा नाही, ब्रेकचा प्रश्न आहे. आधी सिलिंडर दुरुस्त करा किंवा बदला.

रंग वाचावा म्हणून डॉट ५ हे सिलिकॉन ऑइल भरा, असं कोणी सुचवेल. ते रंग खात नाही हे खरं. पण ते बाकीच्यांत मिसळत नाही आणि एबीएस असलेल्या गाडीत चालत नाही. तेव्हा नुसतं वरून ओतून द्यायचा विचार सोडा.

सजावटीनंतर चार्जिंगचा दिवा लागला

रंग टिकला, पण आता स्टार्टर जड फिरतो किंवा चार्जिंगचा दिवा मिणमिणतो. ही तक्रार पावडर कोटिंगनंतर हटकून येते. पावडरचा थर साधारण ६० ते १०० मायक्रॉन जाड आणि विजेला पूर्ण अडवणारा. अल्टरनेटर, म्हणजे बॅटरी चार्ज करणारं यंत्र, बऱ्याच गाड्यांत आपल्या बॉडीतून ब्रॅकेटमार्गे अर्थिंग घेतो. ब्रॅकेटच कोट केलं तर वाट बंद.

मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवा. एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं इंजिनाच्या उघड्या धातूला, आणि कोणाला तरी सेल्फ मारायला सांगा. ०.२ ते ०.३ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थिंग कच्चं आहे. मग इंजिन चालू, हेडलाइट लावून, अल्टरनेटरच्या बॉडीपासून निगेटिव्हपर्यंत मोजा, इथे ०.१-०.२ च्या वर काही दिसायला नको. जिथे आकडा चढतो तिथे बोल्टखाली वायसरएवढी जागा खरवडून धातू मोकळा करा, दातेरी वायसर घाला, आवळा आणि वरून ग्रीसचा हात द्या. बाहेरून काहीच दिसत नाही.

बोल्टखालचा जाड कोट आणखी एक त्रास देतो: तापून तो दबतो आणि बोल्ट सैल होतो. म्हणून ब्रॅकेटच्या बोल्टखालच्या जागा कोटिंगवाल्याला मास्क करायला सांगा. आणि चमकदार स्टेनलेस बोल्ट लावायचा मोह झाला तर बोल्टच्या डोक्यावरचे आकडे वाचा. नेहमीचा ए२-७० स्टेनलेस बोल्ट सुमारे ७०० मेगापास्कल ताण सोसणारा, ८.८ वर्गाचा साधा बोल्ट ८०० चा, १०.९ त्याच्याही वर. कव्हर, क्लिपा, पंख्याचं आवरण यांना स्टेनलेस खुशाल लावा. इंजिन माउंट, ब्रेक, स्टीअरिंग यांना नको. अॅल्युमिनिअममध्ये बसवताना आट्यांना अँटी-सीझ (आटे जाम होऊ न देणारी पेस्ट) लावा, नाहीतर दोन धातूंच्या गंजाने पुढच्या वेळी आटेच बोल्टबरोबर बाहेर येतील.

पॉलिश केलेलं अॅल्युमिनिअम आणि बॅटरीचा कोपरा

आरशासारखं बफ केलेलं अॅल्युमिनिअम काही आठवड्यांत धुरकट होणारच. तो ऑक्साइड आहे, बिघाड नाही. त्यावर क्लिअर कोट मारून पिच्छा सोडवू नका, गरम भागावर तो पिवळा पडतो आणि सोलतो. मग तो काढून पहिल्यापासून बफिंग. अधूनमधून मेटल पॉलिशचा हात मारणं कमी कष्टाचं. ते जमणार नसेल तर सॅटिन फिनिश ठेवा, त्यावर धुरकटपणा जाणवत नाही.

बॅटरीच्या ट्रेखाली मात्र दर वेळी रंग फुगून गंज येत असेल तर चार्जिंग मोजा. चालू इंजिनवर साधारण १३.८ ते १४.५ व्होल्ट ठीक. त्याहून बरंच वर जात असेल तर रेग्युलेटर (चार्जिंगचं व्होल्टेज आवरणारा भाग) बिघडून बॅटरीला उकळवतोय आणि आम्लाचा तुषार ट्रेवर बसतोय. रेग्युलेटर बदला, ट्रे खायच्या सोड्याच्या पाण्याने फेस थांबेपर्यंत धुवा, वाळवा आणि मगच इपॉक्सी प्रायमर. साधी पाण्याची बॅटरी काढून सीलबंद एजीएम (आतलं आम्ल काचतंतूंच्या गादीत शोषलेली) बॅटरी बसवली तर तुषाराचा प्रश्न बराच मिटतो, पण रेग्युलेटर दुरुस्त झाल्यावरच. जास्त व्होल्टेजवर तीही टिकत नाही.